कांद्याच्या बियाण्याने किती पावसाळे पाहिलेत?

या शनिवारचा विषय कांदा. भाव नाही, निर्यात नाही, डोळ्यांतलं पाणीही नाही. विषय आहे कांद्याचं बी. ते बारीक, काळं, कोनेदार बी शहरातल्या बहुतेकांनी कधी पाहिलेलंच नसतं. कारण आपल्यापर्यंत पोचणारा कांदा फुलायच्या आधीच शेतातून उपटलेला असतो.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांना इथूनच सटकता येईल :-) कांद्याच्या बियाण्याच्या पुडीवर ते बी शेतातून कोणत्या महिन्यात आणि कोणत्या वर्षी काढलं, हे ठळक छापलेलं असलं पाहिजे. पॅकिंगची तारीख चालणार नाही, चाचणीची तारीख पुरणार नाही. एवढी साधी मागणी आहे. पण ती का करायची, हे कळायला या झाडाचं फूल, फळ आणि बी जरा जवळून बघावं लागतं. ज्याला ते माहीत नाही त्याला ही मागणी किरकोळ वाटेल.

आधी गाव. महाराष्ट्रात लोण्या पुष्कळ. लोणी काळभोर आहे, लोणी कंद आहे, लोणी भापकर आहे, प्रवरेकाठचं लोणी आहे. मी म्हणतोय ते आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेचं, धामणीशेजारचं लोणी. एकाच तालुक्यात पश्चिमेला आहुप्याच्या घाटमाथ्यावर पाऊस धो धो कोसळतो, आणि पूर्वेला लोणी-धामणीच्या पट्ट्यात माणसं आभाळाकडे बघत बसतात. डिंभे धरण याच तालुक्यात आहे, पण पाणी उताराने जातं, मागणीने नाही. म्हाळसाकांत उपसा सिंचन योजनेची मागणी त्या भागात वर्षानुवर्षं होत आली, ती त्यासाठीच. अशा ठिकाणी रब्बीचा कांदा म्हणजे विहिरीत जेवढं पाणी आहे तेवढ्यावर लावलेली पैज. ऑक्टोबर-नोव्हेंबरात रोप टाकायचं, डिसेंबर-जानेवारीत लागण करायची, एप्रिलात काढायचा आणि बराखीत भरायचा. रोप फसलं तर पुन्हा टाकता येतं, पण महिना-दीड महिना हातचा जातो. तोवर विहीर खाली गेलेली असते. बागायती गावात दुबार रोप म्हणजे खर्च. लोणीसारख्या गावात दुबार रोप म्हणजे बऱ्याचदा हंगामच गेला.

म्हणून बी.

आता कांद्याचं कुळ. आमच्या शाळेच्या पुस्तकात कांदा लिलीच्या कुळात होता. मग वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याचं वेगळं कुळ मानलं, आणि २००९ च्या वर्गीकरणात ते अॅमॅरिलिडेसी या मोठ्या कुळात विलीन केलं. (आमच्या धंद्यात याला रिफॅक्टरिंग म्हणतात. आतलं काही बदलत नाही, फोल्डर बदलतं.) या कुळातली बहुतेक मंडळी जमिनीखाली कंद धरतात, आणि एका सरळ दांड्याच्या टोकावर फुलांचा झुबका काढतात. फळ बहुधा तीन कप्प्यांचं बोंड असतं. ते वाळलं की आपोआप उकलतं आणि आतून काळं बी दिसतं. तो काळा रंग म्हणजे सालीवरचा एक कडक थर, त्याला फायटोमेलान म्हणतात. ज्यांच्या कुंडीत पावसाळी लिली आहे त्यांनी फूल गेल्यावर आठ-पंधरा दिवस दांडा तोडू नये. फळ धरलंच तर तीन फुगवट्यांचं बोंड दिसेल आणि ते फुटल्यावर आत पातळ काळ्या चकत्या. कांद्याच्या बोंडाची ती मोठी, देखणी चुलतबहीण समजा.

पण एकाच कुळात तऱ्हा किती! बागांमधून लावतात ती क्रायनम लिली, कोणी तिला नागदवणा म्हणतं, तिचं बी सुपारीएवढं, हिरवट, मांसल. त्याला काळं साल नाही, विश्रांती नाही, काही नाही. टेबलावर ठेवलं तरी पाण्याशिवाय मोड येतो. दुसऱ्या टोकाला लसूण. लसणाने बी धरणं जवळजवळ सोडूनच दिलंय. पाकळी लावायची, पाकळीच येणार, पिढ्यान् पिढ्या त्याच झाडाची कॉपी. कांदा या दोघांच्या मधला. त्याला बी येतं, भरपूर येतं, ते वाळवून ठेवता येतं, पण फार दिवस नाही. सगळी मेख या शेवटच्या चार शब्दांत आहे.

कांद्याच्या फुलोऱ्याला आपल्याकडे गोंडा म्हणतात. एका गोंड्यात पन्नासपासून हजार-दोन हजारांपर्यंत फुलं असतात. प्रत्येक फुलाला सहा पाकळ्या, सहा पुंकेसर, आणि मध्ये तीन कप्प्यांचा बीजकोश. प्रत्येक कप्प्यात दोन बिया धरायची सोय. म्हणजे एका फुलातून जास्तीत जास्त सहा बिया, आणि प्रत्यक्षात बहुतेक वेळा त्याहून कमी. आता गंमत अशी, की फुलातले पराग आधी मोकळे होतात आणि त्याच फुलाचं स्त्रीकेसर दोन-तीन दिवसांनी तयार होतं. त्यामुळे फूल स्वतःचं स्वतः भागवू शकत नाही. दुसऱ्या फुलाचे पराग माशीने आणून द्यावे लागतात. शिवाय गोंड्यातली सगळी फुलं एकदम उमलत नाहीत. दोन-तीन आठवडे हळूहळू चालू असतं. त्यामुळे एकाच गोंड्यात काही बोंडं उकलून काळं बी दाखवत असतात आणि काही अजून हिरवी असतात. लवकर कापलं तर पोचट बी जास्त येतं. उशीर केला तर उकललेल्या बोंडातलं बी मातीत सांडतं. म्हणून जाणता माणूस गोंडे दोन-तीन तोड्यांत काढतो. ज्याला मजुरी परवडत नाही तो एकदाच कापतो. दोघांचंही बी पुडीत गेल्यावर सारखंच काळं.

हे 'सारखंच काळं' प्रकरण वाटतं त्यापेक्षा गंभीर आहे. साधं उदाहरण घ्या. बाजारात मसाल्यात मिळणाऱ्या कलौंजीला आपल्याकडे कित्येक घरांत 'कांद्याचं बी' म्हणतात. पाककृतींच्या पुस्तकांतही तसं लिहिलेलं असतं. कलौंजीचा कांद्याशी काडीचा संबंध नाही. ते नायजेला नावाच्या, पूर्ण वेगळ्या कुळातल्या झाडाचं बी. रंग काळा, आकार कोनेदार, एवढ्यावर ही सोयरीक जुळली. (आणि खरं कांद्याचं बी कोणी फोडणीत टाकू नका. विकतचं बी औषध चोळलेलं असतं.) ज्या बियांत दोन वेगळी कुळं नजरेने कळत नाहीत, त्यांत एकाच पिकाचे दोन वाण कसे कळणार? लाल कांद्याचं बी काळं, पांढऱ्या कांद्याचंही काळं. रब्बीसाठीचा एन-२-४-१ असो की खरिपासाठीचा बसवंत-७८०, बी हातावर घेऊन फरक सांगणारा माणूस मला दाखवा. खरिपाचा वाण रब्बीत लागला तर डेंगळे जास्त निघतात आणि कांदा बराखीत टिकत नाही. हे कळतं कधी? लावल्यापासून चार महिन्यांनी, किंवा बराखीत भरल्यावर आणखी दोन महिन्यांनी.

सॉफ्टवेअरमध्ये एक जुना अनुभव आहे. बग जितका उशिरा सापडतो, तितका तो महाग पडतो. कोड लिहिताना सापडला तर पाच मिनिटं, ग्राहकाकडे गेल्यावर सापडला तर रात्रभर जागरण. पण आम्हाला निदान पॅच पाठवता येतो. कांद्याला पॅच पाठवता येत नाही.

आता वयाकडे येऊ, कारण वाण तरी पुडीवर लिहिलेला असतो. वय लिहिलेलं नसतं.

बियांच्या आयुष्याच्या गोष्टी आपण ऐकतो त्या थक्क करणाऱ्या असतात. इस्राएलमधल्या मसादा किल्ल्यात उत्खननात मिळालेली सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची खजुराची बी २००५ मध्ये लावली आणि तिला कोंब आला. अशा गोष्टींमुळे आपला समज होतो की बी म्हणजे निसर्गाची तिजोरी, ठेवून द्या कितीही वर्षं. कांदा या यादीत तळाला आहे. भाज्यांमध्ये सर्वांत अल्पायुषी बियांमध्ये त्याची गणना होते. टोमॅटोचं बी नीट ठेवलं तर तीन-चार वर्षं चालतं. कांद्याचं साध्या घरगुती साठवणीत जेमतेम एक वर्ष. दुसऱ्या वर्षी उगवण धाडकन खाली येते. आणि उगवण घसरायच्या आधीच जोम घसरतो, म्हणजे बी उगवतं खरं, पण उशिरा, अशक्त, आणि मग गादीवाफ्यात रोगाला बळी पडतं.

डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या जेम्स हॅरिंग्टन यांनी बियांच्या साठवणीसाठी दोन-तीन ढोबळ नियम सांगितले होते, ते आजही वापरतात. बियातला ओलावा एक टक्क्याने कमी केला की आयुष्य साधारण दुप्पट. साठवणीचं तापमान पाच-साडेपाच अंश सेल्सिअसने उतरवलं की पुन्हा साधारण दुप्पट. आणि तिसरा, लक्षात ठेवायला सोपा: फॅरनहाइटमधलं तापमान आणि हवेतली आर्द्रता यांची बेरीज शंभराच्या आत हवी. आता आपल्याकडचा जुलै घ्या. तापमान ८० फॅरनहाइट, आर्द्रता ८० टक्के. बेरीज १६०. म्हणजे उघड्या पोत्यात ठेवलेल्या बियासाठी आपला पावसाळा हा जवळपास छळ आहे.

कांद्याचं बी आपल्याकडे मार्च ते मे या दिवसांत निघतं आणि रब्बीचं रोप ऑक्टोबरच्या आसपास पडतं. म्हणजे ताज्यातल्या ताज्या बियानेही मध्ये एक पावसाळा पाहिलेला असतो. मागच्या वर्षीच्या बियाने दोन. आपल्याकडे वडीलधारे सुनावतात ना, "तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत मी!" माणसाच्या बाबतीत ते अनुभवाचं प्रमाणपत्र. कांद्याच्या बियाच्या बाबतीत तीच तक्रार. एक पावसाळा पाहिलेलं बी आणि दोन पाहिलेलं बी यांतला फरक म्हणजे भरलेला वाफा आणि टक्कल पडलेला वाफा.

जरा हिशेब मांडू. कांद्याच्या एक ग्रॅम बियात साधारण अडीचशे ते तीनशे बिया. एकराला तीन किलो बी धरलं तर झाल्या आठ लाखांच्या आसपास. लागण पंधरा बाय दहा सेंटीमीटरवर केली तर एकरात बांध-सऱ्या सोडून अडीच लाखांच्या आसपास रोपं बसतात. म्हणजे शेतकरी तिप्पट बी टाकतो. आम्ही सर्व्हर बंद पडेल म्हणून दोन जास्तीचे ठेवतो, तसंच हे. उगवण ७० टक्के असेल (बियाणे प्रमाणीकरणात कांद्यासाठी किमान एवढी मागतात) तर साडेपाच लाखांवर कोंब येतात. त्यातली मर, किडकी, बारीक रोपं मिळून चाळीस टक्के गेली असं धरा, तरी सव्वातीन लाख उरतात. एकर भरतो, थोडं रोप शेजाऱ्याला देता येतं. आता उगवण ४० टक्क्यांवर आणा. कोंब सव्वातीन लाख, आणि तेवढीच घट धरली तर हातात एक लाख नव्वद हजार. एकराचा पाव हिस्सा रिकामा. बाकी खर्च तोच: नांगरट, खत, मजुरी, पाणी. आणि जुन्या बियाच्या रोपांची घट तेवढीच राहत नाही, वाढते.

आमच्या नात्यातल्या एका घरी मागे एका रब्बीत असंच झालं. पुडी दुकानातून आणलेली, मुदत शिल्लक, शिक्का व्यवस्थित. वाफा अर्धाच उगवला. दुकानदार म्हणाला, "दादा, पाणी जास्त झालं असेल तुमचं." झालंही असेल! कोण सांगणार? पाणी, माती, मुंग्या, बुरशी, उन्हाची तिरीप, खोल पडलेलं बी, जुनं बी. सात शक्यता आणि हातात लॉग फाइल एकही नाही. या वादात शेतकरी नेहमी हरतो. तो चुकीचा असतो म्हणून नव्हे. त्याच्याकडे दाखवायला काही नसतं आणि समोरच्याकडे छापील पुडी असते, म्हणून.

तर पुडीवर काय असतं? बियाणे कायदा १९६६ चा, त्याचे नियम १९६८ चे. त्यानुसार पीक, वाण, लॉट नंबर, उगवण टक्केवारी, शुद्धता, चाचणीची तारीख, वैधतेची मुदत, वजन, औषध चोळलं असेल तर त्याची सूचना, असं सगळं येतं. वाईट यादी नाही. पण बी शेतातून कधी निघालं ते त्यात नाही. चाचणीची तारीख म्हणजे त्या दिवशी त्या नमुन्याने काय केलं, एवढंच. मुदत संपत आली तर पुन्हा चाचणी घेऊन, पास झालं तर मुदत वाढवायचीही सोय आहे. म्हणजे दोन पावसाळे पाहिलेलं बी ताज्या चाचणीच्या तारखेसह कायदेशीरपणे समोर येऊ शकतं. त्यात फसवणूक असेलच असं नाही. चाचणीच्या दिवशी ७२ टक्के उगवलंही असेल. पण ७२ वर उभं असलेलं नवीन बी आणि ७२ पर्यंत घसरत आलेलं जुनं बी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक जिना चढून थांबलंय, दुसरं उतरता उतरता थांबलंय. पुढच्या दोन महिन्यांत कोण कुठे असेल ते सांगायला वय लागतं.

टंचाईच्या वर्षी तर हे फारच महत्त्वाचं. २०२० मध्ये कांद्याच्या बियाण्याची इतकी ओढाताण झाली की केंद्राने ऑक्टोबरच्या अखेरीस त्याच्या निर्यातीवर बंदी घातली. अशा वर्षी दर भडकतात, आणि कपाटात मागे पडलेलं बी पुढे आणायचा मोह कोणालाही होऊ शकतो. तेव्हाच शेतकऱ्याला वय कळायला हवं.

यावर दोन आक्षेप येतात, आणि दोन्हींत तथ्य आहे.

पहिला: वय छापलं की शेतकरी मागच्या वर्षीचं बी सरसकट नाकारतील, मग ते शीतगृहात, सहा टक्के ओलाव्यावर, हवाबंद डब्यात ठेवलेलं उत्तम बी का असेना. बरोबर आहे. हॅरिंग्टनचे नियम दोन्हीकडे लागू होतात. वाळवून, थंड ठेवलेलं बी दोन-तीन वर्षंही छान राहतं. मग तेही छापा की! काढणी अमुक साली, ओलावा इतका, साठवण थंड. चांगली साठवण करणाऱ्या कंपनीला हे मिरवायची संधीच आहे. आज चांगला आणि ढिसाळ दोघांच्याही पुडीवर एकच मजकूर असतो, त्यात नुकसान चांगल्याचं.

दुसरा: आमच्या भागातले पुष्कळ शेतकरी पुडी घेतच नाहीत, घरचं बी धरतात किंवा ओळखीच्याकडून घेतात. हेही खरं. आणि घरच्या बियाला माझा विरोध नाही, उलट त्यात एक शहाणपण आहे. एप्रिलात बराखीत भरलेल्या कांद्यातून ऑक्टोबरपर्यंत न सडता, न कोंबता टिकलेले निवडायचे आणि तेच बियासाठी लावायचे. म्हणजे टिकाऊपणाची परीक्षा बराखीनेच घेतलेली असते. शिवाय घरच्या बियाचं वय घरच्याला पाठ असतं. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने बी राखायचा, पेरायचा, वाटायचा, विकायचाही हक्क शेतकऱ्याला दिलाय. फक्त ब्रँडच्या नावाने विकायचं नाही.

पण इथेही फुलाची रचना मध्ये येते. कांद्याला परके पराग चालतात, नव्हे लागतातच. शेजारच्या बांधावर दुसऱ्या वाणाचे गोंडे फुलले असतील तर माशी बांध ओळखत नाही. प्रमाणित बियासाठी अर्धा किलोमीटर आणि पायाभूत बियासाठी त्याहून जास्त अंतर राखायला सांगतात. एकर-दोन एकरांच्या तुकड्यांत हे एकट्याने जमत नाही. शिवाराने मिळून ठरवलं तर जमतं: या मळ्यात यंदा बियासाठी एकच वाण. दुसरं म्हणजे पाच-पंचवीस कांद्यांवर बी धरलं तर पिढ्या नात्यातल्या नात्यात जातात आणि कांद्याला ते अजिबात मानवत नाही. निदान काहीशे कांदे हवेत. तिसरं, रानात आपोआप निघालेल्या डेंगळ्यांचं बी फुकट मिळतं म्हणून धरायचं नाही. जे झाड पहिल्याच हंगामात फुलायला उतावीळ झालं, त्याची पोरंही उतावीळच निघायची. आणि चौथं, गोंडे फुललेले असताना दिवसा कीटकनाशक फवारलं तर माशा मरतात आणि बोंडं रिकामी राहतात. सहा बियांची जागा असलेल्या बोंडात एक-दोनच सापडायला लागल्या की समजावं, माशीची हजेरी कमी पडली.

संकरित बी मात्र राखायचं नाही, पुढच्या पिढीत त्याचा गुण फुटतो. या संकरित कांद्याची सुरुवातही गमतीची आहे. १९२५ मध्ये डेव्हिसलाच हेन्री जोन्स यांना इटालियन रेड वाणाचं एक झाड सापडलं, ज्याच्या परागात दमच नव्हता. ते स्वतः बी धरेना, पण गोंड्यातच छोट्या कांड्या धरत होतं. त्या कांड्यांवर ते झाड जगवलं, आणि त्याच्या त्या 'दोषा'वर पुढे जगभरातल्या संकरित कांद्याचा डोलारा उभा राहिला. आमच्याकडे म्हणतात तसं, बग नाही, फीचर आहे!

असो. मुद्द्यावर येतो. आज वय छापणं तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे का? अजिबात नाही. २०२३ मध्ये केंद्र सरकारने 'साथी' नावाचं पोर्टल सुरू केलं. बियाण्याचा माग लागावा, पुडीवरचा क्यूआर कोड मोबाइलने वाचून ते कुठून आलं हे कळावं, हा त्याचा हेतू. छान कल्पना आहे. ज्याने डेटाबेस हाताळलाय त्याला माहीत आहे की त्यात 'काढणीचा महिना' हा आणखी एक रकाना म्हणजे अर्ध्या तासाचं काम. अवघड काम असतं तो रकाना सक्तीचा करण्याचं. आणि माझा आग्रह असा की तो क्यूआरच्या आत लपवू नये, पुडीवर मराठीत, मोठ्या अक्षरात असावा. रेंज नसलेल्या गावात, चष्मा घरी विसरलेल्या माणसाला वाचता आला पाहिजे.

या कामात पुढाकार घ्यायला पुणे जिल्ह्याइतकी योग्य जागा नाही. शेजारच्या खेड तालुक्यात, राजगुरुनगरला, कांदा व लसूण संशोधन संचालनालय आहे. १९९४ मध्ये नाशिकला सुरू झालेलं हे केंद्र १९९८ पासून तिथे आहे. भीमा शक्ती, भीमा किरण, भीमा सुपर हे वाण तिथलेच. नारायणगावला कृषी विज्ञान केंद्र आहे, मंचरला बाजार समिती आहे. कायदा बदलायची वाट न बघता आपल्या बियावर काढणीचा महिना स्वतःहून लिहायची पद्धत सरकारी संस्थांनी आणि गावोगावच्या उत्पादक कंपन्यांनी पाडली, तर बाकीच्यांना ती टाळणं जड जाईल. गिऱ्हाईक विचारायला लागतं, "यांच्यावर आहे, तुमच्यावर का नाही?" आमच्या क्षेत्रात तरी अनेक चांगल्या सवयी अशाच पसरल्या, सक्तीने नव्हे.

तोवर शेतकऱ्याने काय करायचं? दोन गोष्टी.

एक, पेरणीच्या पंधरा-वीस दिवस आधी उगवण स्वतः तपासायची. शंभर बिया मोजून ओल्या कापडात किंवा कागदात पसरायच्या, गुंडाळून सावलीत ठेवायच्या, ओल टिकवायची. सहाव्या दिवशी एकदा आणि बाराव्या दिवशी शेवटचं मोजायचं. सहाव्या दिवसाचा आकडा जोम सांगतो, बाराव्याचा उगवण. एक इशारा: शंभर बियांच्या चाचणीत नशिबाचा भाग मोठा असतो. खरी उगवण ७० असली तरी हाताला ६१ ही येऊ शकतात आणि ७९ ही. प्रयोगशाळेत म्हणून चारशे बिया घेतात, तिथे हा हेलकावा निम्म्यावर येतो. चारशे म्हणजे जेमतेम दीड ग्रॅम बी. एका एकरासाठी तेवढं परवडतं.

दोन, पुडी, पावती आणि चिमूटभर बी जपून ठेवायचं, कांदा बराखीत जाईपर्यंत. २०१२ मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की बियाणं विकत घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे आणि तो ग्राहक मंचात दाद मागू शकतो. तिथे "पाणी जास्त झालं असेल" याला उत्तर द्यायला तेवढं चिमूटभर बी कामाला येतं.

चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत आणि पातीचा कांदा लागतो, आणि धामणीच्या खंडोबाच्या पट्ट्यात तर त्याचं अप्रूप अधिकच. ती पात दिसते तेव्हा रब्बीच्या रोपांचं काय झालं हे गावाला कळून चुकलेलं असतं. कोणाचा वाफा भरला, कोणाचा विरळ राहिला, कोण शेजारच्या गावात रोप विचारत हिंडतंय. हे सगळं मेमध्येच ठरलेलं असू शकतं, यंदाच्या नाही तर गेल्या वर्षीच्या. तो महिना कोणता आणि साल कोणतं, हे विकणाऱ्याला माहीत असतं. विकत घेणाऱ्यालाही ते माहीत असावं, आणि त्यासाठी पुडीवर एक ओळ पुरते. पुढच्या वेळी दुकानात गेलात तर भाव विचारायच्या आधी एवढंच विचारा: याने किती पावसाळे पाहिलेत?